टेम्पोतून आलेली गाडी

तिसऱ्यांदा वन्संची गाडी टेम्पोतून आली, तेव्हा आमच्या गल्लीतल्या खिडक्या आधीपासूनच उघड्या होत्या. टेम्पोवाल्याने वळणावरूनच हॉर्न वाजवायला सुरुवात केली होती. मागे हौद्यात दोरांनी आवळलेली ती धिप्पाड मोटारसायकल, तिला पुढे काच, दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या, आणि तिच्या शेजारी हौद्याची कड धरून ताठ उभ्या असलेल्या आमच्या वन्सं. डोक्यावरचं हेल्मेट काढलेलं नव्हतं. त्यांनी डोळे वर करून बघितलं असतं तर समोरच्या इमारतीतल्या दोघी-तिघी जागच्या जागी जळून गेल्या असत्या, तेवढी दया त्यांनी दाखवली.

"बाई, पुढच्या खेपेपासून पासच काढा," फळी लावता लावता टेम्पोवाला म्हणाला. "महिन्याचा देतो."

"तू फळी धर नीट. गाडीला ओरखडा आला तर तुझ्या टेम्पोलाही येईल, आणि तो माझ्या हातून येईल."

"बघा! मदत करा आणि वर बोलणी खा."

"भाडं घेतोस ना? मग मदत कसली?"

फाटकात हे उभे होते. हे म्हणजे माझा नवरा, वन्संचा धाकटा भाऊ, चपला-बुटांच्या दुकानाचा मालक. ह्यांनी फाटकाची एकच फळी उघडली. दुसरीची कडी काढायला हात वर गेला नाही. एका फळीतून गाडी आत येत नाही हे ह्यांना पक्कं ठाऊक होतं. वन्संनी दोन्ही पेट्या सोडवल्या, जमिनीवर ठेवल्या, आणि सगळ्या गल्लीच्या देखत ती दीड-दोन म्हशींच्या वजनाची गाडी एकटीने रेटत आत नेली. पेट्या मी उचलून आणल्या.

"सांग तिला," हे मला म्हणाले, वन्सं हातभर अंतरावर असताना, "की गाडी माणसाने चालवायची असते. माणसाने गाडीला फिरवून आणायचं नसतं."

"सांग त्याला," वन्सं मला म्हणाल्या, "की फाटक दोन फळ्यांचं असतं."

आमच्या घरचं टपाल असंच चालतं. पाठवणारा इथे, घेणारा इथे, आणि पोस्टमन मी.

वन्सं इस्पितळाच्या प्रयोगशाळेत आहेत. रक्त काढायचं, तपासायचं, सही करून द्यायचं. ठेंगणी अंगकाठी, रुंद मनगटं, कानाच्या वर कापलेले केस आणि तेही सगळे पांढरे. त्यांनी सुई टोचलेली कळतही नाही म्हणून पेशंट रांगेत त्यांच्यासाठी थांबून राहतात. घरी मात्र त्या जे बोलतात ते टोचल्याशिवाय राहत नाही. लग्नानंतर काही वर्षांनी नवऱ्याचं घर सोडून त्या इथे आल्या, तेव्हा एका हातात बॅग होती आणि दुसऱ्या हातात हेल्मेट. का आलात असं विचारणाऱ्याला त्या शांतपणे उलट विचारत, "तुझं कशावर टिकलंय?" दुसऱ्यांदा विचारायला कुणी आलं नाही.

बहीण-भावाचं वैर त्याच दिवसाचं. कॉलेजात असताना वन्संनी आणि माझ्या सासऱ्यांनी मिळून, दोन मोडक्या गाड्यांतून एक चालती मोटारसायकल उभी केली होती. लग्न करून जाताना ती त्यांनी घराच्या पॅसेजमध्ये चादर घालून ठेवली. परत आल्या त्या सरळ पॅसेजमध्ये गेल्या. तिथे छतापर्यंत बुटांचे खोके रचलेले.

"माझी गाडी कुठंय?"

"विकली," हे म्हणाले.

"कुणाला?"

"जागा लागत होती."

"कुणाला, असं विचारलं मी."

हे खोके सारखे करत राहिले. त्यानंतर ती दोघं एकमेकांशी थेट बोललेली मी ऐकलेली नाहीत. पुढे वन्संनी टेप घेऊन पॅसेज मोजला, आणि बरोबर त्याच्या अर्ध्यात मावेल अशी, जुनी पण दमदार, लांबच्या प्रवासाला बनवलेली ही गाडी शोधून आणली. ज्या दिवशी आणली त्या दिवशी खोके अंगणात होते. हे दुकानातून आले, बघत राहिले.

"सांग तुझ्या नवऱ्याला, घर अर्धं माझ्या नावावर आहे. गाडी पॅसेजच्या अर्ध्यातच बसते. मोजून घे म्हणावं."

ह्यांनी खरंच मोजलं. बसत होती.

आता ही गाडी कुठे उभी राहते, तर आमच्या झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली. पेट्रोलचा वास खिडकीतून आत यायचा हे खोटं नाही. उशीला यायचा, पांघरुणाला यायचा.

"विचार तिला, आपण घरात झोपतो की पंपावर?"

"सांग त्याला, तो दुकानातून येतो तेव्हा त्याच्या अंगाला बूट चिकटवायच्या सोल्यूशनचा घमघमाट असतो. मी कधी बोलले का?"

"आता बोललीच की!" हे माझ्यावर ओरडले. मी म्हटलं, मी कुठे बोलले?

मागच्या थंडीत ह्यांनी एकदाचा बंदोबस्त केला. दुकानातून बुटांच्या तळव्याचं रबर आणलं, तपकिरी, वर शंकरपाळ्यासारखी चौकट उठवलेलं. त्याच्या पट्ट्या कापून खिडकीच्या चारी बाजूंनी चिकटवल्या. रविवारची अख्खी दुपार वन्सं कामावर असताना हे पॅसेजमध्ये आत-बाहेर, उठबस, खाकरत-खोकत खपत होते. संध्याकाळी मला हुंगायला लावलं.

"येतो वास?"

"नाही हो."

"काम करावं तर असं. नाहीतर ती बघ, वर्षभर ठोकतेय आणि आवाजाशिवाय काही निघत नाही."

ठोकतेय हे अगदीच अन्यायाचं. वन्सं ठोकत नाहीत. त्यांच्याइतकं हळुवार काम मी कुणाचं पाहिलेलं नाही. पूर्वी त्या कोपऱ्यावरच्या मेकॅनिककडे गाडी द्यायच्या. त्याने एकदा इंजिनाखालचा, ऑइल काढायचा बोल्ट असा आवळला की आतले आटेच गेले, आणि वर म्हणाला, "बाईमाणसाने हात घातला की असंच होतं." वन्सं तिथून गाडी ढकलत घरी आल्या. त्या दिवसापासून गाडीला दुसऱ्याचा हात नाही. पंपावरसुद्धा झाकण त्या स्वतः उघडतात, पोऱ्याच्या हातून नळी ओढून घेतात. पंपावर कुणी त्यांना नमस्कार करत नाही.

सुट्टीच्या दिवशी जुनी सतरंजी अंथरली की त्यांचं सुरू. माझी काठ मोडलेली ताटं ओळीने मांडलेली, ज्या क्रमाने बोल्ट निघाला त्या क्रमाने ताटात. दाताचा जुना ब्रश, शिलाई मशीनचं तेल, इस्पितळातून आणलेल्या निकामी सिरिंजा. आणि माझी लाल नेलपॉलिशची बाटली. प्रत्येक बोल्ट, प्रत्येक क्लिप स्वतःच्या हाताने बसवून झाली की त्यावर एक बारीकसा लाल ठिपका.

"हा ठिपका कशाला, वन्सं?" मी एकदा विचारलं.

"इथे माझा हात लागलाय, त्याची खूण. ठिपका असला की पुन्हा बघायचं नाही. बाकीचं सगळं संशयित."

"आणि तुमच्याच हातून चुकलं असेल तर?"

त्यांनी पान्यावरून मान वर केली. "तू भावाकडची की माझ्याकडची?"

मी चहा ठेवायला उठले.

थंडी सरली आणि गाडीचं दुखणं सुरू झालं. दुखणं मोठं लबाड. घरात सुरू केली की एका बटणावर सुरू. गल्लीत, बाजारात, इस्पितळात जाऊन यायला कुरकुर नाही. लांब निघालं, रस्ता चढाचा लागला, की खोकायची, दम तुटायचा, बंद. थोडं थांबलं की पुन्हा सुरू व्हायची, दोन-चार वळणं जायची, पुन्हा बंद. असं करत करत बॅटरी झोपायची आणि मग टेम्पो.

"मेली सोंगाडी आहे," वन्सं म्हणायच्या. "डॉक्टर आला की ताप उतरतो."

त्यांनी प्लग बदलला. कार्बोरेटर उघडून त्याची केसासारखी भोकं सिरिंजीने धुतली. पेट्रोलची गाळणी बदलली. तापलं की कॉइल दगा देते असं कुठेसं वाचून नवी कॉइल घातली. ताटं भरायची, रिकामी व्हायची, ठिपके वाढत जायचे. गाडी गोवर आल्यासारखी दिसायला लागली. दुखणं तिथंच. त्यात एक विचित्र गोष्ट त्यांच्या लक्षात आली होती: टाकी काठोकाठ भरून निघालं की गाडी लवकर बंद पडते, अर्धी असली की उशिरा. त्यांना वाटलं, पेट्रोलमध्येच काहीतरी आहे. मग त्यांचा संशय पंपावर गेला, तिथून कोपऱ्यावरच्या मेकॅनिकवर, आणि शेवटी, अर्थातच, आमच्या ह्यांच्यावर.

"विचार त्याला, टाकीत साखर टाकलीस का?"

"सांग तिला, साखर महाग आहे."

तिसऱ्या टेम्पोच्या त्या संध्याकाळी जेवताना हे फार खुशीत होते. ताटावर बसल्या बसल्याच सुरुवात केली.

"सांग तिला, आज दुकानात गिऱ्हाईक काय म्हणालं. म्हणालं, तुमच्या ताई टेम्पोतून देवदर्शनाला जातात का?"

वन्सं जेवत राहिल्या.

"आणि आता शेवटचं सांग. ही गाडी एकदा, आणखी एकदाच, दुसऱ्याच्या पाठीवर बसून आली, तर फाटकाच्या आत येणार नाही. तिथंच रस्त्यावर भंगारवाल्याला देईन. पॅसेजमध्ये माझे खोके येतील."

वन्संनी हातातला घास खाली ठेवला. त्यांचा आवाज चढला नाही, म्हणून मला जास्त भीती वाटली.

"सांग तुझ्या नवऱ्याला. गाडी फाटकाबाहेर, तर मीपण फाटकाबाहेर. इस्पितळाच्या वसतिगृहात खोली मिळते मला. माझ्या अर्ध्या घराला कुलूप लावीन आणि किल्ली विहिरीत टाकीन. मग त्याच्या पॅसेजमध्ये त्याने खोके ठेवावेत नाहीतर स्वतः झोपावं."

"कबूल," हे म्हणाले. "सांग, कबूल."

"आणि येत्या सुट्टीला मी डोंगर ओलांडून दीपगृहापर्यंत जाणार आणि हिच्याच चाकांवर परत येणार. आल्यावर फाटकाच्या दोन्ही फळ्या उघडायच्या. त्याने. स्वतःच्या हाताने."

हे हसले. "आणि वेशीपर्यंत टेम्पोत आणून, तिथून चालवत आली तर? कोण बघतंय? साक्षीदार पाहिजे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू जा मागे बसून."

मी म्हटलं, "मी?"

"फोटो काढायचा दीपगृहासमोर. ती, गाडी, आणि दोन्ही चाकं जमिनीवर टेकलेली दिसली पाहिजेत."

कुणाच्या वैरात कुणाला काय काय करावं लागतं! सगळा संसार ह्या दोघांच्या मध्ये काढला, आता मोटारसायकलवर मागे बसायचं तेवढं राहिलं होतं. पण खरं सांगते, त्या रात्री मला झोप लागली नाही ती वेगळ्याच कारणाने. वन्सं गेल्या असत्या तर ह्या घरात माझ्याशी भांडण सोडून दुसरं काही बोलणारं माणूस उरलं नसतं. त्या माझ्याशी खवचट बोलतात, पण बोलतात.

सुट्टीच्या सकाळी पंपावर टाकी काठोकाठ भरली. वन्संनी हेल्मेट न काढता झाकण उघडलं, पेट्रोल घेतलं, झाकण लावलं, पोऱ्याला "बाजूला हो" म्हणाल्या, आणि आम्ही निघालो. मला त्यांचं जुनं हेल्मेट दिलं होतं. आत केसांच्या तेलाचा आणि तापलेल्या प्लास्टिकचा वास.

"घट्ट धर. आणि बोलू नकोस, मला आवाज ऐकू दे."

सपाटीवर गाडी अशी चालली की मला वाटलं उगीच घाबरले. दोन्ही बाजूंनी शेतं मागे पळत होती, काचेवर आपटून वारा डोक्यावरून जात होता. डोंगराचा पायथा आला. पहिली वळणं गेली. तिसऱ्या-चौथ्या वळणावर सीटखाली काहीतरी अडखळलं. वन्संची पाठ ताठ झाली.

"नाही हं," त्या गाडीला म्हणाल्या. "आज नाही. आज जर का नाटक केलंस तर दगड घालीन तुझ्या डोक्यात."

गाडी खोकली, पुन्हा खोकली, आणि एका बाजूला दरी, एका बाजूला कातळ अशा जागी शांतपणे थांबली.

वन्संनी ती कडेला घेतली. हेल्मेट काढून दगडावर आपटलं. पेटीतून पाने काढले. प्लग काढला, टोपणाला लावून इंजिनाला टेकवला, मला बटण दाबायला लावलं. निळी ठिणगी टच्चकन उडाली. "हे ठीक आहे." कॉइलला हात लावला. "हीपण ठीक." तोच पाना त्यांनी दोनदा पेटीत ठेवला आणि दोनदा बाहेर काढला.

तेवढ्यात खालच्या वळणावरून हॉर्न आला. तोच हॉर्न. तोच टेम्पो, मागे रिकामा, वरच्या गावचा माल आणायला निघालेला. आम्हाला पाहून टेम्पोवाल्याने गाडी थांबवली, खिडकीतून कोपर बाहेर काढलं, आणि हसला.

"जा," वन्सं म्हणाल्या.

"दोर काढू का, बाई?"

"जा म्हटलं ना."

"थोडा वेळ थांबतो मी. ऊन वाढलं की तुम्हीच हाका माराल." तो उतरून आला, कमरेवर हात ठेवून गाडीभोवती एक फेरी मारली. "केवढ्या पेट्या, केवढी काच. पेट्रोल घातलंय ना पण? की घाईत राहिलं?"

"काठोकाठ आहे."

"तुम्ही म्हणता म्हणून मानायचं. मागच्या खेपेलाही तुम्ही म्हणाला होता, सगळं मी तपासलंय."

आता वन्संचा ताबा गेला. "बघायचंय तुला? ये! डोळे आहेत ना? ये, वाकून बघ!" आणि त्यांनी किल्ली लावून टाकीचं झाकण त्याच्या नाकासमोर रागाने उघडलं.

सुऽऽऽस्स.

लांब, खोल आवाज आला. बाहेर काही आलं नाही, आत गेलं. टाकीने हवा ओढून घेतली, बुडता बुडता वर आलेल्या माणसाने घ्यावी तशी.

टेम्पोवाला दोन पावलं मागे सरला. "आत साप आहे की काय?"

वन्सं झाकण हातात धरून तशाच उभ्या. मग त्यांनी टाकीखालची पेट्रोलची नळी काढली आणि तोटी उघडली. पेट्रोल धारेने आलं. त्यांनी झाकण परत घट्ट लावलं. धार चालू राहिली. त्या टक लावून बघत बसल्या. हळूहळू धार बारीक झाली. मग थेंब. मग तेही थांबले. झाकण उघडलं. सुस्स. पुन्हा धार.

"तेलाच्या डब्याला एकच भोक पाडल्यासारखं," माझ्या तोंडून गेलं. "दुसरं पाडलं नाही की तेल येत नाही."

"दुसरं भोक आहे हिला," वन्सं सावकाश म्हणाल्या. "झाकणापासून एक बारीक नळी निघते, इंजिनामागून खाली जाते. हवा घ्यायची नळी. ती बंद, म्हणून टाकी काठोकाठ असली, आत हवा थोडी असली की लवकर दम तुटायचा. ती मी स्वतः धुतली होती, स्वतः बसवली होती."

"लाल ठिपका?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग तिथेच डांबरावर उताण्या झोपल्या आणि गाडीच्या पोटाखाली सरकल्या. आतून मग चिमट्याचा आवाज आला, कुरकुर आली, आणि "पॉप" असं काहीतरी. बाहेर आल्या तेव्हा चिमट्यात एक बोटाच्या पेराएवढं रबराचं बूच होतं. नीट निमुळतं तासलेलं, सोल्यूशन लावून बसवलेलं. तपकिरी. एका अंगाला शंकरपाळ्यासारखी चौकट.

मी ते ओळखलं. रोज सकाळी खिडकी पुसताना ते माझ्या बोटांखाली येतं.

वन्संनीही ओळखलं. त्यांचा चेहरा असा झाला की टेम्पोवालासुद्धा आणखी एक पाऊल मागे सरला.

"मुद्दाम," त्या म्हणाल्या. "मुद्दाम केलं. आणि मग जेवताना पैज लावली."

"वन्सं, नाही हो. वासासाठी केलं असेल. खिडकीला पट्ट्या मारल्या त्याच दुपारचं असणार. पॅसेजमध्ये उठबस चालली होती, वास कुठून येतो ते हुंगत असतील. नळीतून येतोय म्हणून बूच मारलं. गाडीला हवा लागते हे त्यांना काय माहीत? त्यांना सायकलची हवा तेवढी माहीत आहे."

"म्हणजे मुद्दाम नाही, मूर्खपणाने." त्यांनी बूच शर्टाच्या खिशात टाकलं. "मुद्दाम असतं तर थोडी तरी किंमत दिली असती मी त्याला."

मग पुन्हा गाडीखाली वाकल्या. मला वाटलं अजून काही राहिलं. पण त्या नळीच्या क्लिपवरचा तो लाल ठिपका नखाने खरवडत होत्या. पार निघेपर्यंत खरवडला. 

नळीत फुंकर मारली, सगळं जागच्या जागी बसवलं. बटण दाबलं. गाडी असा आवाज करून उठली की कातळावरून परत ऐकू आला.

"मग मी जाऊ?" टेम्पोवाला म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं.

"तू थांबला होतास कशाला?"

"वा! मी बोललो म्हणून झाकण उघडलंत. नाहीतर बसला होतात ठिणग्या मोजत."

वन्सं हेल्मेट घालता घालता थांबल्या. हे खरं होतं, आणि खरं असल्यामुळे त्यांना आणखी राग आला. "हो. तुझ्या खवचटपणामुळे उघडलं. तो कमी करू नकोस. आता वाट सोड."

"पास रद्द!" तो मागून ओरडला.

डोंगर चढून उतरलो. दीपगृहापाशी मी फोटो काढला. वन्संनी हसायला नकार दिला. दोन्ही चाकं जमिनीवर, वन्संचं तोंड वाकडं, मागे पांढरा मनोरा. परतीच्या वाटेवर गाडी एकदाही खोकली नाही.  उतारावर एकदा डाव्या हाताने त्यांनी टाकीवर थाप मारली. शाबासकीची होती की चापट, मला मागून कळलं नाही.

गल्लीत शिरलो तेव्हा खिडक्या उघड्या होत्याच. हे फाटकाला टेकून उभे. आधी गाडीकडे पाहिलं, मग चाकांकडे, मग आमच्या मागे रस्त्यावर, टेम्पो येतोय का ते. मग माझ्याकडे.

"टेम्पोत चढवली नाही कुठेही?"

"कुठेही नाही," मी म्हटलं. फोटो दाखवला. ह्यांनी तो मोठा करून दोन्ही चाकं बघितली.

मग ह्यांनी एक फळी उघडली. दुसरीची कडी गंजलेली होती, वर्षानुवर्षं काढलेली नव्हती. दोन्ही हातांनी खेचावी लागली. वन्सं इंजिन चालू ठेवून, पाय टेकून, मुद्दाम जरासा आवाज वाढवून वाट बघत राहिल्या. कडी निघाली. दुसरी फळी उघडली. गाडी पेट्यांसकट आत गेली.

जेवायला बसलो. मी वाढलं. वन्संनी खिशातून ते बूच काढून ह्यांच्या ताटाशेजारी ठेवलं, मीठ ठेवावं तसं. हे आधी बुचाकडे बघत राहिले, मग मान वळवून झोपायच्या खोलीच्या दाराकडे, जिथून खिडकी दिसते. कान लाल झाले.

"सांग तिला," हे अखेर म्हणाले, "मी वासासाठी लावलं होतं. मला काय माहीत की त्याने..."

"विचार त्याला," वन्सं म्हणाल्या, "माहीत असतं तर काढलं असतं का?"

मी पोळपाट आपटला नाही, आवाजही चढवला नाही. मी म्हटलं, "मी आज दिवसभर मोटारसायकलवर मागे बसून आलेय. माझी कंबर मोडलीय. दोघांनाही कान आहेत, दोघांनाही तोंड आहे. टपाल बंद." आणि रिकामी भांडी उचलून स्वयंपाकघरात गेले. नळ सोडला.

बाहेर ह्यांनी घसा खाकरला.

"माहीत असतं," हे म्हणाले, "तरी लावलं असतं. थोडे दिवस."

"वाटलंच मला."

"वास येतो, ताई. डोकं उठतं माझं."

"नळीचं तोंड वळवते. अंगणाच्या बाजूला."

"आजच वळव."

"आज मी दमलेय. नाकावर उशी घेऊन झोप."

 ताटात चमचा वाजला. मग वन्संचा आवाज आला, खालचा, धार लावलेला.

"माझी गाडी कुणाला विकली होतीस?"

"आता कुठलं आठवतंय!"

"आठव."

मी नळ बंद केला. पाण्याच्या आवाजात पुढचं ऐकू आलं नसतं.